डावी बाजू वर

"केस काढायला ह्याच्या बापाचं काय जातं," पडद्याच्या पलीकडे हिकोजी पुटपुटत होता. "ब्रश एकदा फिरवला की झाले शंभर केस. कोरायचे मी. याच्या आजीच्या डोक्यावर तरी एवढे होते का, विचारा कोणीतरी."

किवा अलीकडे चुलीपाशी बसून भाताची खळ ढवळत होती. नवऱ्याची कुरकुर ऐकून तिला जरा बरं वाटलं. चाळीस वर्षं छापील चित्रांच्या लाकडी ठशांत केस कोरणारा माणूस, चित्रकारांना शिव्या घातल्याशिवाय त्याचा हातच चालत नसे, आणि गेले पाच महिने हा गप्प होता. उकळी न येणाऱ्या पातेल्यासमोर बसावं तसं तिला त्याच्याशेजारी बसल्यावर व्हायचं.

पण बरं वाटायचा दिवस तो नव्हता. आज दुपारी सुनेचा भाऊ यायचा होता.

पत्र आठ दिवसांपूर्वीच आलं होतं. सुनेनं, नुईनंच, ते मोठ्यानं वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता, जणू शेजारणीच्या माहेरचं असावं. थोरला भाऊ जिनपेइ कावागोएला सुताचा व्यापार करायचा, आणि लिहायचाही सुतासारखं सरळ. आमची बहीण एकोणीस वर्षांची आहे. लग्नाला वर्ष झालं, त्यातले पाच महिने नवरा घरी नाही. तो असेल तर कुठे आहे ते सांगावं. नसेल तर तसं सांगावं, म्हणजे आम्हाला तिचं पुढचं बघता येईल. दोन्हीपैकी एक सांगणं हे सासरच्यांचं काम आहे.

एका शब्दाचं काम. पण त्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. मुलाचं नाव घेऊन 'इसाबुरो आला की' असं म्हणत. इसाबुरो आला की छपराची फळी बसवू, इसाबुरो आला की मुळ्याचं लोणचं उघडू. एरवी किवाच्या तोंडी कोळशापासून कागदवाल्यापर्यंत सगळे मेले असायचे, मेला कोळसा पेटत नाही, मेला कागदवाला फसवतो. गेल्या पाच महिन्यांत तिच्या घरात उंदीरसुद्धा मेला नव्हता. पिंजऱ्यात सापडलेल्याला ती नुसती शेपटी धरून कालव्यापर्यंत नेऊन येई.

जिनपेइला काय सांगायचं ते तिनं पाठ करून ठेवलं होतं. नवीन वर्षापर्यंत थांबा. उत्तरेकडे अजून लढाई चालू आहे, पुष्कळ पोरं तिकडे गेलीत, बातमी यायला वेळ लागतो. खोटं असं त्यात काही नव्हतं. उत्तरेकडे लढाई चालूच होती.

नुई ताट घेऊन आली. बाहेरगावी गेलेल्या माणसासाठी जेवणवेळेला ताट वाढून ठेवायचं, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही, ही चाल त्यांच्या गल्लीत घरोघरी होती. वाफाळता भात, सोयाबीनच्या पेस्टचं सार, मुळ्याच्या दोन फोडी. इसाबुरोच्या जागेवर ताट ठेवायचं आणि थोड्या वेळानं भाताच्या वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतून दव धरलं असेल तर माणूस सुखरूप आहे.

नुईनं झाकण उचलून सासूपुढे धरलं. थेंब होते.

"आहेत," किवा म्हणाली.

"आहेत," नुई म्हणाली, आणि झाकण पुसून ठेवलं.

गरम भातावर झाकण घातलं तर वाफ जाणार कुठे, हे किवाला कळत नव्हतं असं नाही. चूल फुंकण्यात तिची हयात गेली होती. पण कळणं एक आणि रोज सकाळी ते थेंब बघणं एक.

*

इसाबुरो लढाईला गेला तो लढवय्यांच्या घरात जन्मला म्हणून नव्हे. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी भाजी चिरायच्या सुरीहून लांब पातं कमरेला लावलं नव्हतं. तो गेला कारण बाराव्या वर्षापासून तो चिलखतं कोरत होता.

कोरण्याच्या कामात अशी वाटणी असते की डोकं कोरतो उस्ताद. चेहरा, कपाळावरची केसांची कड, कानामागची बट, हे सगळं हिकोजीचं. गळ्याच्या खालचं बाकीच्यांचं. इसाबुरोच्या वाट्याला चिलखतांच्या दोऱ्या आल्या, घोड्यांच्या झुली आल्या, तुटलेले बाण आले. दहा वर्षांत त्यानं किती लढाया कोरल्या असतील त्याची गणती नाही. त्या लढायांत कधी चिखल नसे. कोणाला हगवण लागत नसे. माणूस मरताना तलवार उगारून, तोंड प्रेक्षकांकडे करून मरत असे, आणि शेजारचा मोहेइ छापताना लाल रंगात सरस मिसळून ते रक्त असं चकाकतं करी की बोट लावून बघावंसं वाटे.

राजवट बदलली, दक्षिणेचं सैन्य शहरात शिरलं, आणि जुन्या सरकारच्या बाजूची हजारभर माणसं उएनोच्या टेकडीवरच्या देवळात ठाण मांडून बसली. सामील व्हायला येणाऱ्या कोणालाही त्यांनी ना म्हटलं नाही. चौथ्या महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी इसाबुरोनं पटाशी पुसून खोक्यात ठेवली आणि म्हणाला, "बाबा, मी जातो. चिलखत तर मला पाठच आहे."

हिकोजी हसला होता. "दोऱ्या काढता येतात तुला. गाठ मारता येते का?"

बापलेकांचं हे रोजचंच होतं. फक्त यापुढचं वाक्य बोलायला पोरगा थांबला नाही.

पाचव्या महिन्याच्या पंधरा तारखेला पहाटेपासून पाऊस होता. तोफा सुरू झाल्या तेव्हा किवाला आधी वाटलं वीज. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. एक पुरा दिवससुद्धा टिकली नाही ती लढाई, आणि टेकडीखालची वस्ती जळून काळी झाली. मग हुकूम निघाला. टेकडीवर पडलेले बंडखोर आहेत, त्यांना कोणी हात लावायचा नाही. ते तसेच पावसात पडून राहिले, मिनोवाच्या देवळातल्या भिक्षूंना अंत्यविधीची परवानगी मिळेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिकोजी घराबाहेर पडला. पटाशीला धार लावायची सहाण झिजली, नवी आणतो, म्हणाला. परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, आणि हातात सहाण होती. तो दाराशी बसून बराच वेळ पाय धूत राहिला. किवानं भात वाढला, तो त्यानं खाल्ला नाही. पावसानं भूक गेली, म्हणाला.

सहाण कुठून आणली हे तिनं विचारलं नाही. हिकोजी आयुष्यभर सहाण घ्यायचा ती टेकडीखालच्या तळ्याकाठच्या एकाच दुकानातून, आणि ते दुकान, त्याच्या आजूबाजूची सतरा दुकानं, आदल्याच्या आदल्या दिवशी जळाली होती. ही सहाण एका कोपऱ्याला टवका उडालेली होती. तो टवका ती स्वतःच्या हाताइतका ओळखत होती. घरातलीच जुनी सहाण घेऊन माणूस सकाळी बाहेर पडला होता आणि तीच घेऊन परत आला होता.

न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. किवानं दुसऱ्या दिवसापासून ताट वाढायला सुरुवात केली.

*

आणि मग ते चित्र आलं.

नुकतीच झालेली लढाई छापायला बंदी, ही नव्या सरकारचीच नव्हे, जुन्याचीही रीत. त्यावर चित्रांच्या दुकानदारांचा तोडगाही तितकाच जुना. नावं तीनशे वर्षांपूर्वीची घालायची. हामातोया नावाचा दुकानदार तीन पानी चित्राचा कच्चा कागद घेऊन आला. वर कुठल्या तरी जुन्या किल्ल्याचं नाव होतं, आणि खाली देवळाचं काळं फाटक, तोफांचा धूर, तिरका पाऊस. कुठली लढाई ते शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. हामातोया किवाकडे न बघता म्हणाला की काम नको असेल तर दुसऱ्याकडे देतो, राग नाही. हिकोजी म्हणाला, "ठेव."

उन्हाळ्यात चित्र छापलं, हातोहात खपलं. चेहरे नेहमीचेच होते, भुवया वर, ओठ खाली. हिकोजीच्या ठशातली सगळी माणसं चाळीस वर्षं एकाच चेहऱ्यानं मरत आलेली. त्यात इसाबुरो शोधावा असं काही नव्हतं, आणि किवानं शोधला नाही असंही नाही.

गेल्या महिन्यात कुणा अधिकाऱ्यानं हरकत घेतली. मधल्या पानावर चिलखत टाकून नुसत्या किमोनोवर लढणारा एक तरणा होता, त्याच्या छातीवरचं घराण्याचं चिन्ह हरलेल्यांपैकी एकाचं निघालं. चिन्ह बदला, मग विका. तेवढ्यासाठी आख्खा ठसा कोणी फेकत नाही. त्या तरण्याचा गळ्यापासून कमरेपर्यंतचा तुकडा फळीतून कापून काढायचा, तिथे चेरीच्या लाकडाचं ठिगळ घट्ट ठोकून बसवायचं, आणि त्या ठिगळावर नवी छाती कोरायची. चित्रकारानं तळहाताएवढा पातळ कागद पाठवला. किवानं खळ करून दिली. हिकोजीनं कागद चिकटवला, कोरला, आणि ठसा शेजारी मोहेइकडे पाठवून दिला. ही चार दिवसांपूर्वीची गोष्ट.

*

दुपार व्हायच्या आत मोहेइ आला. पुढच्या दारानं नाही, मागच्या. चाळीस वर्षांच्या शेजारात हा माणूस चुलीकडच्या दारानं कधी आला नव्हता. त्याच्या बाहीत गुंडाळलेला कागद होता.

"वहिनी, हिकोजी काय करतोय?"

"केस कोरतोय. शिव्या घालतोय."

"म्हणजे बरा आहे." मोहेइ उंबऱ्यावर टेकला. त्याचे तळवे नेहमीसारखे लाल होते. "मी काय म्हणतो, हे आधी तुम्ही बघा. माझे डोळे म्हातारे झालेत. माझंच चुकत असेल तर मला हसा आणि चहा द्या."

त्यानं मधलं पान उलगडलं. रंगांसकट, नुकतं ओढलेलं, ओलसर. धूर छान उठला होता. रक्तही चकाकत होतं. किवानं नव्या छातीकडे पाहिलं. चिन्ह बदललेलं होतं, आता नुसतं एक साधं पान होतं. ठिगळाचा जोड कुठे दिसत नव्हता. आणि मग तिला दिसलं ते.

किमोनोची उजवी बाजू वर होती.

तान्ह्या बाळालासुद्धा नेसवताना डावी बाजू उजवीच्या वर घेतात. शुद्धीत नसलेला दारुडाही तशीच घेतो. उजवी बाजू वर फक्त एकदाच येते, आणि ती दुसऱ्यांनी घेतलेली असते, स्वतः नेसता येत नाही तेव्हा. हा तरणा तलवार उगारून, दात आवळून, फाटकातून धावत येत होता, आणि त्याला प्रेतासारखं नेसवलेलं होतं.

"कागद पालथा चिकटवायचा तो उताणा चिकटवला, म्हणून छाप उलटा आला," मोहेइ हळू आवाजात म्हणाला. "पातळ कागद, दोन्हीकडून दिसतं, नवशिक्यांचं होतं असं. पण नवशिक्यांचं, वहिनी. हिकोजीचं..."

"मी चिकटवला," किवा म्हणाली.

मोहेइनं तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी त्याची पाठ दुखत होती. म्हटलं, मी लावते. माझी चूक आहे. त्याला बोलू नका."

खळ शिजवण्यापलीकडे हिकोजी बायकोला ठशाला बोट लावू देत नसे, हे मोहेइला त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या तारखेइतकं पक्कं माहीत होतं. तारीख तो विसरलाही असता. "असं होय," तो म्हणाला, आणि उठला. "मग ठीक. हामातोयाला सांगतो, रंग वाळला नाही." दारात तो घुटमळला. चहा राहिला, असं काहीतरी पुटपुटला, पण थांबला नाही.

*

किवा कागद हातात धरून उभी राहिली. तिला पाय धुणारा हिकोजी दिसत होता. गुडघ्यापर्यंतचा चिखल दिसत होता. पाच महिने जे एका सहाणेखाली दाबून ठेवलं होतं ते आता तळहाताएवढ्या ठिगळात कोरून, शाई लावून, छापून तिच्या हातात आलं होतं, आणि थोड्या दिवसांत हजार प्रती निघून दुकानासमोर दोरीवर टांगलं जाणार होतं.

तिनं पडदा सरकवला आणि कागद त्याच्या फळीवर ठेवला.

हिकोजीनं मान खाली ठेवूनच पाहिलं. पटाशी थांबली. तो म्हणाला, "ठिगळ काढून दुसरं बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"अहो, ते झालं. ही चूक तुमची कशी झाली?"

"उजेड कमी होता."

"तुम्ही दुपारी लावलात. मी खळ आणून दिली तेव्हा ऊन इथपर्यंत होतं." तिनं चटईवर बोट ठेवून दाखवलं.

लाकडाचा एक बारीक कीस त्यानं फुंकून उडवला, मग दुसरा, तिथे नसलेला.

"सहाण कुठून आणली होतीत?" किवानं विचारलं.

पाच महिन्यांचा तो प्रश्न बाहेर पडला तेव्हा अगदीच लहान वाटला, बाजारातून आल्यावर कोणीही कोणाला विचारावा इतका. पडद्याशी नुई येऊन उभी होती, हातात इसाबुरोच्या ताटातली रिकामी वाटी. तिला जा म्हणावं असं किवाच्या मनात आलं, आणि तिनं म्हटलं नाही.

"मला ते बरोबरच दिसलं," हिकोजी म्हणाला. तो चित्राकडे बघत होता, त्यांच्याकडे नाही. "चिकटवताना बघितलं ना मी. दोनदा बघितलं. वाटलं, बरोबर आहे, असंच असतं." त्यानं पटाशी कापडात गुंडाळली, परत उघडली. "फाटकाच्या आत, उजव्या हाताला, दिव्याच्या दगडी खांबाशी. चिलखत नव्हतंच अंगात. एक टाकलेलं मिळालं असेल, ते शेजारी पडलं होतं. गाठ मारायला जमलं नसेल."

त्यानं चित्र स्वतःकडे ओढलं.

"उचलू देत नव्हते. पहारा होता. पहारेकरी पोरगाच होता, तोंड फिरवून उभा राहिला थोडा वेळ. तेवढ्यात काय होणार. पाणी नव्हतं, उदबत्ती नव्हती. किमोनो सुटला होता, तो नीट केला. डावी बाजू खाली, उजवी वर. पट्टा बांधला. मी... गाठ मी मारली."

त्याच हातानं तो केसाच्या जाडीचा केस कोरत असे. किवानं तो हात धरला नाही, धरला असता तर दोघांचंही सगळं सांडलं असतं. तिनं फक्त पटाशी त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि खोक्यात ठेवली, इसाबुरोच्या पटाशीशेजारी.

"मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी तू ताट वाढलंस," हिकोजी म्हणाला. "झाकण उचललंस आणि म्हणालीस, थेंब आहेत."

*

जिनपेइ वेळेवर आला, सुताचे व्यापारी येतात तसा. गाठोड्यात रताळी आणली होती. पुढच्या खोलीत बसून त्यानं हवेची चौकशी केली, आणि शहराचं नाव आता बदललं म्हणतात, मग पत्रावर कुठलं घालायचं, ते विचारलं. किवा म्हणाली, दोन्ही घाला, पत्र आणणारा तोच आहे. नुईनं चहा दिला आणि भावाच्या शेजारी न बसता सासूच्या थोडी मागे बसली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्या कोरडेपणाकडे बघवत नव्हतं.

पोरीला कधीपासून ठाऊक असेल, किवाच्या मनात आलं. आज? की रोज सकाळी झाकण आपल्यापुढे धरताना ती थेंबांकडे बघत नव्हती, आपल्याकडे बघत होती? एकोणीस वर्षांची मुलगी पाच महिने ज्याचं ताट वाढत बसली ते त्याच्यासाठी होतं, की एका म्हातारीची सकाळ निघावी म्हणून?

"काकू," जिनपेइनं पेला खाली ठेवला, "पत्र मिळालं असेल. मला कडू बोलायचं नाही. इसाबुरो भला माणूस. त्याची वाट बघायची तर आम्हीही बघू. पण किती दिवस बघायची, एवढं सांगा. आई रोज विचारते, मी काय सांगू तिला?"

नवीन वर्षापर्यंत. उत्तरेकडे अजून लढाई चालू आहे. वाक्य ओठांवर तयार होतं, पाठ केलेलं, इस्त्री केलेलं. ते म्हटलं की नुई राहणार होती. आणखी दोन महिने सकाळी कोणीतरी 'आहेत' म्हणणार होतं. नुई गेली की या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक सहाण उरणार होती.

पडद्यापलीकडे हातोडीचा आवाज सुरू झाला, हलका, बेतानं मारलेला. हिकोजी ठिगळ फळीतून बाहेर काढत होता.

किवा मागे वळली. नुईच्या किमोनोचा गळा बसताना जरासा सरकला होता. तिनं हात पुढे करून तो सारखा केला, डावी बाजू वर, नीट, चापून, आणि हात काही क्षण तसाच ठेवला. मग ती जिनपेइकडे वळून बोलली, पण सांगितलं ते त्याला, नुईला, स्वतःलाही, आणि पडद्यापलीकडच्या चौथ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"वाट बघू नका. आमचा इसाबुरो मेला. पाचव्या महिन्यातच मेला."

पलीकडची हातोडी थांबली.